अल्फोन्सो डेव्हिस: दुसऱ्यांच्या दुखापतींनी घडवलेला लेफ्ट बॅक

बर्फाळ_बाबुराव | रवि, १४ डिसें २०२५

मंगळवारी ऑफिसात एका खिडकीत एक्सेल आणि दुसरीत बायर्न-स्पोर्टिंग फुटबॉल मॅच असा कार्यक्रम चालू होता. बायर्न ३-१ ने पुढे, मॅच संपत आलेली, म्हणजे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात रेषेपाशी बायर्नचा १९ नंबर, म्हणजे डेव्हिस, उभा दिसला आणि मी एक्सेल बंद केलं. २३ मार्चला गुडघा गेला, ९ डिसेंबरला पोरगा परत मैदानात. मध्ये २६१ दिवस. (हो, मोजले.)

मी कॅनडातल्या एडमंटनला राहतो, त्यामुळे हा विषय घरचा आहे. अल्फोन्सो डेव्हिसबद्दल कुठेही वाचायला गेलं की घानामधली निर्वासितांची छावणी, तिथून थेट म्युनिक, अशी सरळ रेघ मारलेली असते. खोटं काही नाही त्यात. आईवडील लायबेरियातल्या यादवी युद्धातून पळालेले, जन्म २ नोव्हेंबर २००० चा, अक्राजवळच्या बुडुबुराम छावणीतला. पाच वर्षांचा असताना कॅनडात आला, आधी विंडसर आणि मग एडमंटन. पण रेघ इतकी सरळ मारली की मधले खाचखळगे दिसत नाहीत, आणि मला तेच सांगायचे आहेत.

पहिला खाचखळगा पैशाचा. कॅनडात मुलाने क्लबकडून खेळायचं तर नोंदणी फी, बूट, सहा महिने बर्फ म्हणून इनडोअर मैदानाचं भाडं आणि संध्याकाळी साडेपाचला गाडीतून सोडायला कुणीतरी मोकळं हवं. डेव्हिसचे आईवडील पाळ्यांमध्ये काम करायचे आणि धाकट्या भावंडांना हाच सांभाळायचा. एडमंटनमध्ये ‘फ्री फुटी’ नावाची लीग आहे. ज्या मुलांच्या घरी यातलं काही परवडत नाही त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर फुकट फुटबॉल, बूट त्यांचे, बस त्यांची. तिथे तो पहिल्यांदा नीट खेळला. मग सेंट निकोलस शाळेतला कोच, मग स्ट्रायकर्स क्लब आणि चौदाव्या वर्षी व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सची अकादमी. आई सोडायला तयार नव्हती. चौदा वर्षांचं पोर एकटं हजार किलोमीटर लांब पाठवायला कुठली आई तयार होईल?

पुढचं भराभर झालं. जुलै २०१६ मध्ये, पंधरा वर्षं आणि आठ महिन्यांचा असताना, एमएलएसमध्ये (अमेरिका-कॅनडाची लीग) उतरला. त्याच्याआधी इतक्या लहान वयात फक्त फ्रेडी अडू खेळला होता. जून २०१७ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि आठवड्याभरात कॅनडाकडून पहिली मॅच. महिन्याभराने गोल्ड कपमध्ये तीन गोल. जुलै २०१८ मध्ये बायर्नने साधारण साडेतेरा दशलक्ष डॉलर ठरवून घेतला, वरच्या अटी पुऱ्या झाल्या तर बावीसपर्यंत. तेव्हा एमएलएसमधून कुणाला एवढी किंमत आली नव्हती. पण अठराच्या आत परदेशी क्लबात जाता येत नाही असा फिफाचा नियम आहे. म्हणून नोव्हेंबरात अठरा पूर्ण होईपर्यंत तो व्हँकुव्हरलाच खेळत राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये बायर्नकडे गेला.

गेला तेव्हा काय होता? विंगर, म्हणजे कडेने पुढे हल्ला करणारा! डिफेंडर नव्हताच. धाग्याचं शीर्षक इथून आहे.

२०१९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी बायर्नचे लुका एर्नांडेझ आणि निकलस झ्युले दोघेही जायबंदी झाले. अलाबाला लेफ्ट बॅकवरून उचलून मध्ये घ्यावं लागलं. डावी बाजू रिकामी, आणि बाकावर एक डावखुरा कॅनेडियन. बसवला. आधी कोच कोवाचने, आणि त्याची हकालपट्टी झाल्यावर हान्सी फ्लिकने ठेवला तो ठेवलाच. दहा महिन्यांनी त्या मोसमातले तिन्ही मोठे चषक बायर्नकडे आणि हा पोरगा चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला कॅनेडियन.

एर्नांडेझचा घोटा धड राहिला असता तर? डेव्हिस विंगवर कोमान आणि ग्नाब्रीच्या मागे तिसरा-चौथा बसला असता आणि कदाचित कुणा दुसऱ्या क्लबला उसना दिला गेला असता.

आता तोच जायबंदी होता आणि नऊ महिने त्याची जागा लाइमर आणि स्टानिशिचने भरली. चांगली भरली. म्हणून प्रश्न पडला: परत आलेल्या डेव्हिसने डिफेंडरच राहावं, की पुन्हा विंगवर जावं? सहा महिन्यांत वर्ल्ड कप इथे, कॅनडात आहे. मतं येऊ द्या.

---

नवखा२०२५

लेख आवडला. अगदी बाळबोध प्रश्न: लेफ्ट बॅकचं काम नक्की काय? मी क्रिकेटवाला आहे.

---

बर्फाळ_बाबुराव

@नवखा, गोलकीपरच्या पुढे चार जणांची भिंत असते. तिच्यातला डावीकडचा. समोरून त्यांचा विंगर येतो, त्याला अडवायचं हे मूळ काम. पण हल्लीच्या फुटबॉलमध्ये त्यानेच पळत पुढे जाऊन क्रॉस (कडेवरून गोलसमोर बॉल) टाकायचा आणि बॉल गेला की तेवढंच मागे पळायचं. रात्रपाळी आणि दिवसपाळी एकाच माणसाला.

---

पेठेतला_पोरगा

काय सांगायलाय राव! आमच्या कोल्हापुरात लेफ्ट बॅक म्हणजे ज्याला कुठंच जागा नाही तो. मी सात वर्षं खेळलोय, सांगतो. संघ पाडताना फॉरवर्ड आधी ठरायचे, मग हाफ, मग गोली, शेवटाला कोच म्हणायचा, “तू रे, उंच्या, डावीकडं मागं थांब.” माझा डावा पाय निव्वळ उभं राहण्यासाठी. शाहू स्टेडियमवर उन्हात त्या कोपऱ्यात उभं राहून मागच्या प्रेक्षकांच्या शिव्या खायच्या.

डेव्हिसचा पहिला व्हिडिओ बघितला तो बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ हाणलं त्याचा. डाव्या रेषेवर त्यांच्या सेमेडोच्या पुढ्यात बॉल घेऊन थांबला. नुसता थांबला. सेमेडो मागं मागं सरकतोय. एक हूल दिली, दुसरी दिली आणि असा गेला की सेमेडो बाजार उठल्यावर राहिल्यागत उभा. अगदी शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन किमिशला आयता बॉल. किमिशनं फक्त पाय लावला. त्या रात्री पेठेत वाद झाला होता की गोल कुणाचा. नाद खुळा!

---

आकडेमोड

लेख चांगला आहे, पण कौतुकाचा डोस जास्त झाला. थोडं पाणी घालतो.

डेव्हिसचा बचाव म्हणजे त्याचा वेग. जून २०२० मध्ये ब्रेमेनविरुद्ध ताशी ३६.५१ किमी मोजला गेला, तेव्हाचा बुंडेसलीगाचा (जर्मन लीगचा) विक्रम. तो वेग काढून घ्या आणि मग बघा. उभं राहण्याची जागा चुकते, पलीकडून क्रॉस आला की मागे कोण आहे याचं भान सुटतं, विंगरला आत येऊ देतो. चूक करायची आणि मग पळत जाऊन निस्तरायची. लोक निस्तरणं बघून टाळ्या वाजवतात.

फ्लिकच्या बायर्नला तसाच माणूस हवा होता. त्यांची बचावफळी मधल्या रेषेजवळ उभी असायची, मागे चाळीस-चाळीस मीटर मोकळं रान. तिथे बॉल पडला तर शर्यतच, आणि शर्यतीत हा हरायचा नाही. पण ही त्या पद्धतीतली उपयुक्तता झाली. याला मी उत्तम डिफेंडर म्हणणार नाही. आता तर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. वेग दोन टक्के जरी कमी झाला तर निस्तरणार कशाने?

माझं मत: विंग.

---

इसारकाठ

@आकडेमोड, म्युनिकमधून लिहितोय. तुमचं अर्धं पटलं.

स्टेडियममध्ये बसून त्याला बघणं आणि टीव्हीवर बघणं यात फरक आहे. टीव्हीवर तो अचानक चौकटीत शिरतो, म्हणून पळत येऊन चूक निस्तरली असं वाटतं. वरून बघितलं तर कळतं की बॉल सुटायच्या आधीच तो वळलेला असतो. हा निव्वळ पायांचा वेग नाही, डोक्याचाही आहे. पण मागच्या खांबापाशी झोप लागते याबद्दल वाद नाही. माझ्या शेजारच्या सीटवरचे आजोबा त्यावरून दर पंधरा दिवसांनी बव्हेरियनमध्ये जे बोलतात ते इथे टंकता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. त्याचा सगळ्यात भारी मोसम कुणी पाहिलाच नाही. फेब्रुवारी २०२० ला लंडनमध्ये चेल्सीला ३-० हरवलं, तेव्हा अर्ध्या मैदानातून पळत जाऊन लेवांडोव्स्कीला पास दिला, तेवढा लोकांसमोर. दोन आठवड्यांत कोविड आला. तो वेगाचा विक्रम, बार्सिलोनाचा सामना, पीएसजीविरुद्धची फायनल, सगळं रिकाम्या खुर्च्यांसमोर. लिस्बनमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा युरोपचा चषक हातात घेऊन उभा होता आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही इथे घरात कोंडलेले, खिडकीतून भांडी वाजवत होतो.

---

चकलीताई

एक दुरुस्ती, आणि ती थोड्या रागानेच. “चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला कॅनेडियन” हे वाक्य मी शंभर वेळा वाचलंय आणि दर वेळी त्यात ‘पुरुष’ हा शब्द गाळलेला असतो.

कडेशा ब्युकॅनन. टोरांटोजवळची, डिफेंडर, तीही खरीखुरी, मधल्या फळीतली. २०१५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान. २०१७ मध्ये लिऑनला गेली आणि डेव्हिसने एक चषक उचलेपर्यंत तिच्याकडे तीन होते. पुढे एकूण पाच. शिवाय टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण. २०२४ मध्ये तिचाही एसीएल (गुडघ्यातला दोर) तुटला, पण तिच्यावर कुणी धागा काढल्याचं मला आठवत नाही.

बाबुराव, तुमच्यावर राग नाही. पण वाक्य बदला.

---

आकडेमोड

+१. आणि पुरुषांतही ओवेन हारग्रीव्ह्ज आहेच. जन्म कॅलगरीचा, बायर्नबरोबर २००१ मध्ये जिंकला, मँचेस्टर युनायटेडबरोबर २००८ मध्ये. फक्त खेळला इंग्लंडकडून. म्हणजे ‘कॅनडाच्या पुरुष संघाकडून खेळणारा पहिला’ असं लिहावं लागेल.

---

बर्फाळ_बाबुराव

ताई, कान पकडले. धागा आता संपादित होत नाही, त्यामुळे चूक तशीच राहील आणि खाली तुमचा प्रतिसाद. ब्युकॅननवर तुम्हीच लिहा ना, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

सांधेसुधे

फिजिओ आहे, पुण्यात. डेव्हिसला मी तपासलेलं नाही, त्यामुळे जे सर्वसाधारण ते सांगतो.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरपा बसलेला दोर. पळताना एकदम थांबून वळलं की मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून तो असतो. तुटला की शिवून भागत नाही, बहुतेकदा स्वतःच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. तो रुजायला महिने लागतात. साधारण नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरवू नये असं आम्ही म्हणतो, त्यामुळे साडेआठ महिने हे जरा लवकर, पण शेवटची काही मिनिटंच म्हणून वाजवी आहे.

सरळ पळण्याचा वेग बऱ्याच जणांना परत मिळतो. उशिरा येते ती धमक: पूर्ण वेगात असताना त्याच पायावर थांबून उलट फिरायची. पाय तयार असतो, मेंदू नाही म्हणतो. माझ्याकडे कबड्डीची पोरं येतात, चाचण्यांमध्ये दोन्ही पाय सारखे, आणि मैदानात गेली की महिनाभर डाव्या बाजूने चढाईच करत नाहीत.

आता विंग की बॅक? विंगरला कधी थांबायचं ते तो स्वतः ठरवतो. बॅकला समोरचा ठरवून देतो. म्हणून सुरुवातीला विंग सोपी. बाकी कोच जाणे.

---

पेठेतला_पोरगा

डॉक्टर, हे भारी सांगितलंत. मेंदू नाही म्हणतो, अगदी खरं. माझा गुडघा २०१४ चा आहे, अजून नाही म्हणतोय.

---

लुडबुड्या

सगळे एक विसरताय. तो गुडघा गेला कसा आणि नंतर काय तमाशा झाला?

लॉस एंजेलिसजवळ, नेशन्स लीगची तिसऱ्या जागेसाठीची मॅच, समोर अमेरिका. तिसरी जागा हो! कुणाला पडलेली असते? बाराव्या मिनिटाला बाहेर. मग बारा तासांचं विमान पकडून म्युनिकला, आणि तिथे गेल्यावर कळलं की एसीएल तुटलाय. बायर्नचे सीईओ ड्रीसन जाहीरपणे भडकले, कोर्टात खेचू म्हणाले. कॅनडाची फुटबॉल संघटना म्हणाली, आम्ही सगळं नीट केलं. क्लब विरुद्ध देश, मधे खेळाडूचा पाय.

---

आकडेमोड

पैशाच्या बाजूने भर घालतो. देशाकडून खेळताना खेळाडू जायबंदी झाला तर फिफा क्लबला भरपाई देते. पहिले २८ दिवस धरत नाहीत, त्यानंतर दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, कमाल एक वर्ष. म्हणजे भांडण फक्त पगाराचं नव्हतं. मोसम ऐन रंगात असताना लेफ्ट बॅक गेला, त्याचा तो राग. आणि त्याच्या सात आठवडे आधीच, फेब्रुवारीत, २०३० पर्यंतचा करार केलेला! त्याआधी वर्षभर तो रेआल माद्रिदला जाणार म्हणून रोज बातमी. सही केली आणि गुडघा गेला.

---

इसारकाठ

रेआलवरून आठवलं. मे २०२४, त्यांचं बेर्नाबेऊ स्टेडियम, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. डेव्हिसने मारलेला गोल आठवतोय? डावीकडून आत आला आणि उजव्या पायाने, हो, उजव्या, पलीकडच्या कोपऱ्यात. बायर्न पुढे. मग शेवटच्या मिनिटांत रेआलच्या होसेलूने दोन मारले आणि आमची रात्र संपली.

विंगवाल्यांनी लक्षात घ्या: त्या दिवशी तो लेफ्ट बॅक नव्हता. ग्नाब्री जायबंदी झाला म्हणून पहिल्या हाफमध्येच त्याच्या जागी विंगवर आला होता. पुन्हा दुसऱ्याची दुखापत, बाबुराव. तुमचं शीर्षक पक्कं झालं.

---

बर्फाळ_बाबुराव

@इसारकाठ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! धन्यवाद.

कॅनडाच्या बाजूने सांगतो. इथे तो पहिल्यापासून पुढेच खेळायचा. लेफ्ट बॅक असलेला डेव्हिस आम्हाला बायर्नच्या कपड्यांतलाच माहीत. ऑक्टोबर २०२१ ला टोरांटोत पनामाविरुद्धचा गोल शोधून बघा. मधल्या रेषेजवळ बॉल बाहेर चाललाय, पनामाचा डिफेंडर अंगाने आडोसा करून आरामात त्याला बाहेर जाऊ देतोय. डेव्हिस मागून कितीतरी लांब. तो आला, बॉल रेषेवर असतानाच उचलला, डिफेंडरला वळायलाही वेळ मिळाला नाही, तसाच आत घुसून गोल. मी सोफ्यावरून उठलो तेव्हा मांडीवर चहाचा कप आहे हे विसरलो होतो.

त्याच्या पुढच्या महिन्यात तो एडमंटनला आला, कॉमनवेल्थ स्टेडियमवर मेक्सिकोविरुद्ध. तापमान शून्याखाली नऊच्या आसपास. चव्वेचाळीस हजार लोक. मी तीन थर्मल घालून गेलो होतो, तरी बोटं गेली. कॅनडाने २-१ जिंकलं, दोन्ही गोल लॅरिनचे. गोलानंतर अडेकुग्बेने बाजूच्या बर्फाच्या ढिगात सूर मारला. डेव्हिसने त्या रात्री गोल केला नाही, पण तो आमच्या बाजूच्या रेषेवर आला की अख्खा स्टँड उभा राहायचा. बॉल नसताना सुद्धा.

मग जानेवारी २०२२: कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला सूज. अडीच-तीन महिने बाहेर. ३६ वर्षांनी कॅनडा वर्ल्ड कपला पात्र ठरला, तेव्हा हा संघात नव्हता. घरी बसून लाइव्ह स्ट्रीमवर मॅच बघत ढसाढसा रडला.

आणि कतार. बेल्जियमविरुद्ध पेनल्टी, त्यांचा गोलकीपर कुर्त्वाने अडवली. चार दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला हेडर, पुरुष वर्ल्ड कपमधला कॅनडाचा पहिला गोल. १९८६ मध्ये तीन सामन्यांत शून्य होते. कतारमधला दुसरा गोल मोरोक्कोने स्वतःवर मारला. म्हणजे वर्ल्ड कपमध्ये कॅनेडियन पुरुषाने मारलेला आजवरचा एकमेव गोल याचा. मॅच ४-१ हरलो, ते सोडा.

---

लुडबुड्या

पेनल्टीचं सोडू नका. कोपा अमेरिका २०२४, तिसऱ्या जागेसाठी उरुग्वे, शूटआउट. कर्णधार म्हणून गेला आणि बारवर मारली. पेनल्टी दुसऱ्या कुणाला द्या, ही माझी जाहीर मागणी.

---

चकलीताई

याला अनुमोदन. :)

विंग की बॅक यावर माझं मत: कॅनडाकडून विंग, बायर्नकडून बॅक. एकच माणूस माहेरी वेगळा आणि सासरी वेगळा वागतो, त्यात एवढं काय नवल.

---

नवखा२०२५

क्रिकेटवाल्याला आता रस वाटायला लागलाय. वर्ल्ड कपमध्ये कॅनडाच्या मॅच कुठे? भारतात जागून बघता येतील का?

---

बर्फाळ_बाबुराव

पहिली १२ जूनला टोरांटोला, युरोपच्या प्लेऑफमधून येईल त्या संघाशी. मग व्हँकुव्हरला १८ ला कतार आणि २४ ला स्वित्झर्लंड. भारतात मध्यरात्र उलटलेली असेल, गजर लावा.

व्हँकुव्हरचं ते बीसी प्लेस स्टेडियम, जिथे तो पंधराव्या वर्षी व्हाइटकॅप्सकडून खेळायचा. तिकिटाच्या सोडतीत मी नाव टाकलंय, बायकोचं टाकलंय, आणि तिला न विचारता सासऱ्यांचंही टाकलंय.

---

पेठेतला_पोरगा

सासऱ्यांना लागलं आणि तुम्हाला नाही, तर काय करणार ओ?

---

बर्फाळ_बाबुराव

पासपोर्टवर त्यांचंच नाव लागतं का, तेच शोधतोय.